हुन्नर शिकवा, वेठ नको!

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांतील कोणत्याही पाड्यावर जावें आणि एखाद्या बापास विचारावें कीं, बाबा रे, मुलाला शाळेंत घालून तुझ्या पदरांत काय पडलें? तो बिचारा मान खालीं घालील. मुलगा दहावीपर्यंत शिकला, पण कचेरीच्या दारांत त्यास कोणी उभें करीत नाहीं; आणि दहा वर्षें बाकावर बसल्यामुळें नांगराचें रुमणें धरण्याची लाज वाटूं लागली ती निराळीच. तेलही गेलें, तूपही गेलें, हातीं धुपाटणें आलें, अशी त्या घराची गत होते. शाळेनें मुलाच्या हातांतील कसब काढून घेतलें आणि त्याच्या बदल्यांत पोट भरण्याजोगी विद्या मात्र दिली नाहीं.

या रोगावर एक औषध सध्यां पुष्कळांच्या तोंडीं आहे. शाळेंतच सुतारी, लोहारी, गवंडीकाम, विजेचें काम, शिवण, स्वयंपाक, रोपें तयार करणें अशीं घरचीं व कारखान्याचीं कामें शिकवावीं, म्हणजे मुलगा शाळेंतून बाहेर पडला कीं रिकामा बसणार नाहीं, असें हे लोक सांगतात. आम्हांस हें औषध मान्य आहे. परंतु औषधाची मात्रा चुकली तर त्याचेंच विष होतें. म्हणून मान्यता देतांना आम्ही एक अट घालतों. ती अट कोणती आणि ती घालण्याचें कारण काय, हें आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांपुढें आज उघड करून मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम या मुलखाची स्थिति पाहूं. जव्हार-मोखाडा म्हटलें कीं शहरांतील माणसाच्या मनांत दारिद्र्य येतें. पण हा मुलूख मुळांत दरिद्री नाहीं. येथें महादेव कोळी जातीच्या मुकणे घराण्याचें संस्थान होतें. तें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. पुढें हे दोन्ही तालुके ठाणें जिल्ह्यांत होते आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाला तेव्हां त्यांत आले. येथें वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, काथोडी हे लोक राहतात. उतारावर नाचणी, वरई, उडीद पिकतात, खाचरांत भात पिकतो, रानांत बांबू, साग आणि मोह आहे. पाऊस तर वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. असें असून उन्हाळा लागला कीं मोखाड्याच्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, आणि आमच्या आयाबहिणी रिकामे हंडे घेऊन डोंगर उतरतात.

याच मोखाडा तालुक्यांत कोचाळें गांवाजवळ वैतरणा नदीवर मध्य वैतरणेचें मोठें धरण आहे. तें २०१४ सालीं पुरें झालें आणि त्यांतून मुंबई शहरास दररोज सुमारें ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळण्याची सोय झाली. धरण आमच्या डोंगरांत आणि नळ मुंबईच्या घरांत, या न्यायाविषयीं आम्ही पुन्हां केव्हां तरी बोलूं. आज आमचा प्रश्न निराळा आहे. एवढें प्रचंड बांधकाम आमच्या दारांत झालें. त्यांत घमेलें उचलण्यास आमचे हात चालले, पण नकाशा वाचणारा, सिमेंट-वाळूचें प्रमाण ठरविणारा, झडप बसविणारा आमच्या पाड्यावरचा असा माणूस किती जणांना पाहावयास मिळाला? आणि आज पाड्यावरचा हातपंप बिघडला तर तो दुरुस्त करण्यास बाहेरचा मिस्त्री येईपर्यंत गांव कां खोळंबून राहतें? काम आमच्या दारीं आहे, हातही आमचे आहेत. नाहीं ती त्या कामाची विद्या.

ती नसल्याचें फळ दरवर्षीं दिसतें. भात झोडून झाला, दिवाळी सरली कीं घरेंच्या घरें कुलुपें लावून भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर व इमारतींच्या कामावर निघून जातात. आगाऊ घेतलेली उचल फेडण्यांत हिंवाळा-उन्हाळा जातो. मुलें बरोबर जातात तेव्हां शाळा सुटते. मुलें आश्रमशाळेंत राहिलीं तर आईबाप सुटतात. मृगाच्या तोंडावर घरीं परत आलें कीं पुन्हां तेंच शेत आणि पुढच्या दिवाळीला पुन्हां तीच उचल.

आतां कोणी म्हणेल कीं, शाळेंत कामधंदा शिकवावा ही कल्पना नवी आहे, कोठल्या तरी परदेशी विद्वानानें काढलेली आहे. तसें मुळींच नाहीं. १८८२ सालीं हंटर साहेबांचें शिक्षण कमिशन या देशांत आलें, तेव्हां जोतीराव फुले यांनीं त्याच्यापुढें आपलें निवेदन दाखल केलें. त्यांत त्यांनीं मागितलें तें असें: गांवच्या शाळेंत मोडी व बालबोध लिहिणें-वाचणें शिकवावें, हिशेब शिकवावा, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची ओळख करून द्यावी, आणि त्याबरोबरच शेतीचें प्राथमिक ज्ञान, आरोग्याचे नियम व उपयोगी कला शिकवाव्या; शाळेला जोडून लहानसें नमुन्याचें शेत असावें. शिक्षक कसा असावा हेंही त्यांनीं सांगितलें. तो शेतकऱ्यांतूनच निवडावा, प्रसंग पडल्यास नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्यास लाजणारा नसावा, असें त्यांचें मागणें होतें. वाचकहो, या मागण्याला आतां एक शतक आणि चार दशकें उलटून गेलीं. तरी आमच्या शाळेंत मास्तर नांगराचें चित्र फळ्यावर काढतो आणि मुलानें तें वहींत उतरून घेतलें कीं शेतीचा धडा झाला!

जोतीरावांच्या या मागण्यांतील एक गोष्ट नीट ध्यानांत घ्या. त्यांनीं ‘अक्षर नको, आऊत द्या’ असें म्हटलें नाहीं. त्यांनीं अक्षर, हिशेब, इतिहास आणि भूगोल यांच्या बरोबर आऊत मागितलें. आमच्या अटीचें बीज येथेंच आहे.

कारण आमच्या लोकांच्या मनांत या कामाच्या शिक्षणाविषयीं एक शंका आहे, आणि ती रास्त आहे. ‘साहेबाच्या मुलानें संगणक शिकावा आणि आमच्या मुलानें रंधा मारावा, हेंच ना तुमचें शिक्षण?’ असा सवाल पाड्यावरचा म्हातारा करतो, तेव्हां त्यास अडाणी म्हणून हंसण्याचें कारण नाहीं. त्याच्या पाठीवर वेठीचे वळ आहेत. आजच्या पालघर जिल्ह्याच्याच डहाणू-तलासरी भागांत आणि शेजारच्या उंबरगांवांत वारली कुळें जमीनदाराच्या शेतांवर फुकट राबत होतीं. लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं नवराबायको दोघें सावकाराचीं गुलाम होत, त्यांस लग्नगडी म्हणत. १९४५ सालीं गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या किसान सभेच्या झेंड्याखालीं हे लोक उठले, तेव्हां कोठें ती वेठ मोडली. ज्यांच्या आजोबांनीं असें फुकट राबणें सोसलें, त्यांच्या नातवाला शाळेंत घालून पुन्हां कामच करावयास सांगितलें, तर ते कां कचरणार नाहींत?

इतर देशांतही हा वाद झालेला आहे. ज्या अमेरिकेंतील भल्या लोकांनीं गुलामांची सुटका केली त्यांना जोतीरावांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अर्पण केलें, त्याच अमेरिकेंत गुलामींत जन्मलेल्या बुकर वॉशिंग्टन यांनीं १८८१ सालीं अलाबामा प्रांतांत टस्कीगी येथें काळ्या लोकांसाठीं शाळा चालू केली. तेथें विद्यार्थी शेती, सुतारी, विटा पाडणें शिकत आणि आपल्या शाळेच्या इमारती आपणच बांधीत. पुढें १९०३ सालीं दुसरे काळे पुढारी ड्यू बॉइस यांनीं त्यांच्या मताला जाहीर विरोध केला. हातकाम शिकविण्यास त्यांची हरकत नव्हती. पण हातकामाच्या नांवाखालीं उच्च शिक्षण आणि राजकीय हक्क यांवर पाणी सोडण्याची जी तडजोड चालली होती, ती त्यांना नको होती. दोघांचें म्हणणें एकत्र घेतलें तरच सत्य पुरें होतें.

आपल्या देशांत मद्रास इलाख्यांत १९५३ सालीं राजगोपालाचारी यांच्या सरकारनें खेड्यांतील प्राथमिक शाळेचा वेळ कमी करून दिवसाला तीन तासांवर आणला आणि उरलेल्या वेळांत मुलांनीं आईबापांचा धंदा शिकावा असें ठरविलें. म्हणजे न्हाव्याच्या मुलानें वस्तरा धरावा, कुंभाराच्या मुलानें चाक फिरवावें, आणि ज्याच्या बापाच्या हातांत पिढ्यान्पिढ्या लेखणी आहे त्याच्या मुलानें लेखणीच धरावी! पेरियार रामस्वामी यांनीं व इतरांनीं या जातिधंद्याच्या शिक्षणाविरुद्ध रान उठविलें. १९५४ सालीं राजाजींना अधिकार सोडावा लागला आणि कामराज यांनीं ती योजना काढून टाकली. आमच्याकडे वर्ध्यास १९३७ सालीं गांधीजींनीं नई तालीम मांडली, तेव्हां मुलांच्या कामाच्या उत्पन्नांतून शाळेचा खर्च निघावा ही कल्पना पुष्कळ जाणत्यांना खटकली, ती याच भीतीनें. मुलाच्या घामावर शाळा चालूं लागली म्हणजे शाळेचा कारखाना व्हावयास वेळ लागत नाहीं.

तर मग हुन्नर कोणता आणि वेठ कोणती, हें ओळखावें कसें? आम्ही एका विटेनेंच सांगतों. टस्कीगीच्या मुलांची विटांची भट्टी पहिल्यानें तीन वेळां फसली. माती कशी मळावी, विटा कशा रचाव्या, आंच किती द्यावी, हें चुकत चुकत शिकल्यावर चौथी भट्टी साधली; आणि त्या विटांच्या भिंतींत बसून तींच मुलें पुढें शिकलीं. भिवंडीच्या भट्टीवर आमचा मुलगाही वीट हातीं धरतो. पण ती कोणत्या मातीची झाली, तिची किंमत काय, हजार विटांमागें बापाला किती मिळाले आणि मालकानें किती घेतले, हें त्यास कोणी सांगत नाहीं. वीट तीच आणि हातही तसाच. एकीकडे कामानें मुलाचें डोकें वाढलें, दुसरीकडे नुसती पाठ वांकली. ज्या कामांत मुलाला ‘कां?’ असें विचारतां येतें आणि त्याचें उत्तर मिळतें, तो हुन्नर. ज्या कामांत नुसतें ‘कर!’ एवढेंच ऐकूं येतें, ती वेठ, मग ती भट्टीवर असो कीं शाळेच्या पटांगणांत असो.

आमच्या खेड्यांतील कामांत किती शास्त्र भरलेलें आहे, याची गणती शहरी पुस्तकांना नाहीं. गवंडी घराचा पाया आंखतो, तेव्हां दोरीनें एका बाजूस तीन फूट व दुसऱ्या बाजूस चार फूट मोजतो. त्या दोन टोंकांमधील अंतर बरोबर पांच फूट भरलें कीं कोपरा काटकोनांत आला. नववी-दहावीचा मुलगा भूमितींत हाच सिद्धांत घोकून घोकून कंटाळतो. त्यास एक दिवस ओळंबा, गुण्या आणि दोरी देऊन पाया आंखावयास लावा, तो सिद्धांत जन्मभर विसरणार नाहीं. लोहार गाडीच्या लांकडी चाकावर लोखंडी धाव चढवितो. ती धाव चाकाच्या घेरापेक्षां किंचित् आंखूड ठेवतात, तापवून लाल करतात, ती फुगते, चाकावर बसते, आणि पाणी ओतल्याबरोबर आकसून आरे व तुंबा यांना घट्ट आवळते. उष्णतेनें पदार्थ प्रसरण पावतात, हा विज्ञानाचा धडा या एका चाकांत आहे. विजेच्या पंपाला भुईंत तार कां पुरावी, त्या खड्ड्यांत मीठ आणि कोळसा कां भरावा, आणि ती तार नसली तर पावसाळ्यांत पंपाच्या लोखंडाला हात लागतांच माणूस कां मरतो, हें ज्या मुलीस ठाऊक झालें, ती आपलें घरच वांचवील.

रानांतील बांबूचें तसेंच. ओला बांबू पिठूळ असतो आणि तें पीठ खाण्यास कीड लागते; म्हणून पावसाळा संपल्यावर तोडून कांहीं आठवडे वाहत्या पाण्यांत भिजत ठेवला तर पीठ धुऊन जातें आणि टोपलें किंवा खुर्ची अधिक वर्षें टिकते. आमचे वडील मंडळी हें अनुभवानें करीत. शाळेनें त्याचें कारण सांगावें आणि हिशेबही शिकवावा. बांबू केवढ्याचा, तोडण्या-आणण्यास किती दिवस, वाया किती गेला, आणि टोपली विकली तर एका दिवसाची मजुरी किती पडली, हें मुलानें स्वतः वहींत मांडावें. वारली चित्रांना २०१४ सालीं भौगोलिक निर्देशाची सरकारी नोंद मिळाली, आणि आज तीं चित्रें बंगल्यांच्या भिंतींवर व कापडांवर झळकतात. परंतु ज्या घरांतील सवाशिणी तांदळाच्या पिठानें लग्नाचा चौक लिहितात, त्या घरांतील मुलीला नगाचा भाव काढतां आला नाहीं, तर मलई मधला दलालच खाणार. हातांत कला आणि दुसऱ्याच्या हातांत हिशेब, हीच तर आमच्या दारिद्र्याची जुनी गोष्ट आहे.

घरकामाचीही गोष्ट अशीच आहे. जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें १९९२ सालीं कुपोषणानें लहान मुलें दगावलीं, आणि साऱ्या महाराष्ट्राला मान खालीं घालावी लागली. त्याला दारिद्र्य, रोजगाराचा अभाव व औषधपाण्याची हेळसांड हीं मोठीं कारणें आहेत. नुसत्या स्वयंपाकाच्या धड्यानें तीं नाहींशीं होत नाहींत, आणि आयांना दोष देऊन सरकारास सुटतां येणार नाहीं. तरी घरांत जें आहे त्याचा गुण मुलांना कळलाच पाहिजे. आपल्या डोंगरची नाचणी हलकें धान्य म्हणून हिणविली जाते. पण शंभर ग्रॅम नाचणींत तीनशें मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतें आणि पांढऱ्या तांदळांत त्याचा अगदीं लहानसा अंश असतो. नाचणीला मोड आणून, वाळवून पीठ केलें तर त्याची पेज पातळ राहते, म्हणून तान्ह्याला तेवढ्याच वाटींत अधिक धान्य भरवितां येतें. जुलाब होणाऱ्या मुलाला एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडें थोडें पाजावें, आणि आराम पडत नसेल तर दवाखान्यांत न्यावें, हें आठवीच्या प्रत्येक मुलास व मुलीस हातानें करतां आलें पाहिजे. चमचा लहान, चहाचा घ्यावा, आणि माप चुकवूं नये, हेंही तेथेंच शिकवावें.

आम्ही ‘मुलास व मुलीस’ असें म्हटलें तें जाणूनबुजून. शाळेंत कामाचा दिवस आला कीं मुलींना शिवण व चूल आणि मुलांना करवत व पाना, अशी वांटणी करण्याची खोड फार जुनी आहे. ही वांटणी म्हणजे आणखी एक वर्णव्यवस्थाच होय! भट्टीवर गेलेल्या मुलाला भाकर भाजतां आली तर त्याचें कांहीं बिघडत नाहीं. आणि मुलीला पंपाचा वॉशर बदलतां आला तर पाड्यावरचें पाणी एक दिवसही थांबणार नाहीं. सावित्रीबाईंचें नांव घेणाऱ्यांनीं मुलींच्या हातीं पाना देण्यास कां बिचकावें?

हें सारें प्रत्यक्षांत करतां येतें काय, असें कोणी विचारील. करून दाखविणारे आपल्याच प्रांतांत झाले आहेत. पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांतील पाबळ गांवीं डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञांनीं मोठ्या कंपनींतील काम सोडून १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढला. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनीं आठवड्यांतील एक दिवस हातानें काम करून शिकावें, अशी त्यांची पद्धति. त्यांत एकच धंदा शिकवीत नाहींत. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, घर व आरोग्य असे चार भाग सर्वांना शिकवितात. लोखंड जोडणें, विजेची जोडणी करणें, माती तपासणें, रक्ताचा गट ओळखणें अशीं कामें मुलें करतात. गांवास उपयोगी पडणारीं कामें मुलांकडून करून घेतात, म्हणजे नुसतें प्रदर्शनासाठीं खेळणें होत नाहीं. या विषयाला दहावीच्या परीक्षा मंडळाची मान्यताही मिळालेली आहे. बाकीचे दिवस गणित, विज्ञान, भाषा नेहमींप्रमाणें चालतात. आमच्या मतें यांतील मर्म येथेंच आहे: कामाचा दिवस पुस्तकाचा वेळ खात नाहीं, उलट पुस्तकास अर्थ आणून देतो. आणि एकाच धंद्याला जुंपलें नसल्यामुळें मुलाच्या पायांत जातीची किंवा धंद्याची बेडी पडत नाहीं.

याहूनही जवळचें उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत डहाणू तालुक्यांतील कोसबाड येथें आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र चालू केलें आणि पुढें तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येत नाहींत असें पाहून त्यांनीं मुलांना दोष दिला नाहीं. जेथें गुरें चरतात तेथेंच कुरणशाळा भरविली. पानें, दगड, बिया हींच तेथील साधनें झालीं. शाळेनें मुलाच्या जगण्याकडे चालत जावें, हा धडा या दोन बायांनीं घालून दिला. सातारा जिल्ह्यांत १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनीं तर ‘कमवा आणि शिका’ म्हणून हजारों गरीब मुलांना वरच्या शिक्षणापर्यंत पोहोंचविलें. त्यांच्या वसतिगृहांतील मुलानें हातांत खोरें धरलें तें पदवी सोडून देण्यासाठीं नव्हे, पदवी मिळविण्यासाठीं.

सरकारचें २०२० सालचें राष्ट्रीय शिक्षण धोरणही आतां याच दिशेनें बोलूं लागलें आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ शिकावें, असें त्यांत लिहिलें आहे. विचार चांगला आहे. पण दहा दिवसांत वाकस धरण्यापलीकडे काय येणार? हत्यारें कोठें आहेत, लांकडाला पैसे कोण देणार, कोंपऱ्यांतल्या आश्रमशाळेपर्यंत वीज टिकून राहते काय, या प्रश्नांचीं उत्तरें कागदावर मिळत नाहींत. आणि मुख्य प्रश्न असा कीं, शिकविणार कोण? पाड्यावरचा जाणता सुतार, लोहार, बुरूड, गवंडी किंवा आंब्या-काजूचें कलम बांधणारा शेतकरी हाच याचा खरा गुरु आहे. पण त्याच्याजवळ प्रमाणपत्र नाहीं म्हणून त्यास वर्गाबाहेर उभें करावयाचें आणि शहरांतून पुस्तकी माणूस आणून त्याच्याकडून रंधा शिकावयाचा, अशी गंमत होऊं नये. त्या कारागिराला शाळेंत खुर्ची द्या, त्यास ‘गुरुजी’ म्हणा, आणि त्याचा दिवसाचा मोबदला मास्तराला शोभेल असा द्या. मुलगा ज्या दिवशीं आपल्या बापाच्या जातभाईला गुरुजींच्या खुर्चीवर बसलेला पाहील, त्याच दिवशीं हातकामाची लाज त्याच्या मनांतून निम्मी निघून जाईल. नुसत्या श्रमप्रतिष्ठेच्या भाषणांनीं ती निघत नाहीं.

आतां आमची अट एका वाक्यांत सांगतों. कामाचें शिक्षण द्यावयाचें तर तें सर्वांच्या मुलांना द्या, पुस्तकाच्या बरोबर द्या, आणि मुलाच्या पुढची एकही वाट बंद न करितां द्या. मुंबईच्या मोठ्या शाळेंतील मुलगा रंधा धरीत नसेल आणि जव्हारचा मुलगा तेवढाच धरीत असेल, तर तें शिक्षण नव्हे, तो वर्णभेद होय. रंधा धरणाऱ्या आमच्या मुलीस इंजिनियर होण्याची वाट तितकीच मोकळी पाहिजे.

ही अट पाळली जाते कीं नाहीं, हें पाहण्यास दिल्ली-मुंबईचा कोणी साहेब येणार नाहीं. तें काम आईबापांचें आहे. म्हणून मायबापांनो, तुमच्या शाळेंत असा वर्ग निघाला तर भुलूं नका आणि भिऊंही नका. पालकसभेला जा आणि मास्तरांना सरळ चार प्रश्न विचारा. पहिला: मुलगा काम करतो तेव्हां त्याचें माप, कारण आणि हिशेब वहींत लिहितो काय? दुसरा: कामाच्या दिवसामुळें गणित, विज्ञान आणि इंग्रजी यांचा तास बुडतो काय? तिसरा: मुलामुलींना सर्व कामें सारखीं मिळतात काय? आणि चौथा: शाळेचें अंगण झाडणें, मास्तरांच्या घरचें पाणी भरणें, लांकडें फोडणें यालाच कोणी ‘कार्यानुभव’ असें गोंडस नांव तर देत नाहीं ना? पहिल्या व तिसऱ्या प्रश्नाला ‘होय’ आणि दुसऱ्या व चौथ्याला ‘नाहीं’ असें उत्तर आलें, आणि तें डोळ्यांनीं पाहून खरें ठरलें, तर मुलाला बेलाशक पाठवा. घरचें जुनें आऊत दुरुस्तीस शाळेंत न्या, पाड्यावरच्या जाणत्या म्हाताऱ्याला वर्गांत नेऊन बसवा. उत्तर उलट आलें तर गप्प बसूं नका. ग्रामसभेंत उठून बोला, प्रकल्प कचेरींत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोंच घ्या.

आमचे वाडवडील हातानें डोंगर फोडून जगले; पण त्या हातांची किंमत दुसरेच ठरवीत आले. आमच्या मुलांच्या हातांत हत्यार असावें, आणि त्या हाताची किंमत त्यांनींच ठरवावी, एवढेंच आमचें मागणें आहे.